बारावं नाव

बारा नावं द्यायची होती, सकाळी अकरापर्यंत.
घणसोलीच्या घरी ताट बाजूला सारून
हजेरीवहीच्या मागच्या पानावर
मी सात चौकोन आखले मॅटवरचे,
पाच खाली, बाकावरचे.

चढाईपटू मोजले. नऊ.
आमच्या कॉलेजात डोळे मिटून खडा मारा,
चढाईपटूलाच लागेल.
प्रत्येकाला मधली रेषा ओलांडायचीय
मांडीवर थाप मारत,
कोणीतरी मोबाईल धरलेला असताना.
कोपऱ्यात उभं राहायला कोण येतं?
तिथं घोटा धरायचा असतो,
हनुवटीवर टाच खायची असते,
आणि टाळ्या पडतात तेव्हा तुम्ही
सहा जणांच्या ढिगाखाली असता.

गेल्या वर्षी वाशीला, उपांत्य सामन्यात,
भाविक भोईरचा गुडघा फिरला.
मी बाकाकडे पाहिलं.
पाच जण एकदम उठले. पाचही चढाईपटू.
पार्थेशला उजव्या कोपऱ्यात उभा केला.
चुकून दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत बसावं
तसा तो हसत राहिला.
दोन लोण बसले.
परतताना बसमध्ये कोणी कोणाला बोललं नाही.
बोलायचं ते मलाच होतं,
आणि मी सर होतो.

वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
त्यांच्या टोळीत राऊ शेडगे म्हणून एक बदलीवाला.
रोज पहाटे यायचा, धक्क्याच्या कडेला बसायचा,
खांद्यावर टॉवेल, खिशात आकडा.
सगळे हजर असले की चहा पिऊन परत.
हा कशाला येतो, मी विचारलं होतं.
येऊ दे, वडील म्हणाले,
आणि पुढच्या पोत्याखाली वाकले.

तर बारावं नाव.
सुयश नाखवा: सराव सामन्यात एकट्याचे अकरा गुण,
आईचा दोनदा फोन.
किंवा हेमराज म्हात्रे: दुसरं वर्ष, कॉमर्स,
वजन चौऱ्याहत्तर, चढाया शून्य,
डावा कोपरा, जिथं कुंदन वायदंडे आधीच आहे
आणि चांगला आहे.
(कोपऱ्यासाठी पोरगा मिळाला
तोही कोपरखैरण्याचा, पोरं चिडवायची.
हेमराज दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.)

नाखवा लिहिलं.
खोडलं.
कागद तिथं एवढा पातळ झाला
की म्हात्रे लिहिताना पेन आरपार गेलं.

कळव्याला हरलो.
दोन गुणांनी, एकही लोण न खाता.
ते दोन गुण सुयशनं आणले असते?
आणले असते बहुतेक.
झोप लागत नाही तेव्हा मी ते मोजतो,
दोनच आहेत, लवकर मोजून होतात.

कुंदन त्या दिवशी वेड्यासारखा खेळला.
बोनस रेषेवर पाय दिसला की झेप,
खांदा, कोपर, काही राखून नाही.
नंतर बर्फ धरून बसला होता, मी म्हटलं,
अरे, मोडलं असतं काहीतरी.
तो म्हणाला, मोडलं असतं तर हेम्या होता ना, सर.
एवढंच म्हणाला, आणि बर्फ दुसऱ्या बाजूला फिरवला.

हेमराज चाळीस मिनिटं उभा होता,
बाकावर बसलाच नाही.
डाव्या बाजूला चढाई आली की
इथं, रेषेबाहेर, त्याचे गुडघे वाकायचे,
हात पुढं यायचे,
हवेत कोणाचा तरी घोटा.

निघताना त्याचे नीकॅप पाहिले.
पांढरेशुभ्र, घडीची रेघ तशीच.
मी काहीतरी बोलणार होतो.
तो म्हणाला, सर, उरलेली केळी नेऊ का?
घरी धाकटा भाऊ आहे.
ने म्हटलं.
सहा होती. त्यानं पाच नेली,
एक कुंदनच्या बॅगेवर ठेवलं.